तळून उरलेलं तूप आणि ‘ऑक्सिडाइज्ड कोलेस्टेरॉल’: पेशीत नक्की काय होतं?

अनारसेवाली:
सासूबाई घरच्या सायीचं तूप कढवतात, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण दिवाळीत अनारसे तळून उरलेलं तूप गाळून बरणीत जातं आणि संक्रांतीपर्यंत त्यातच पुऱ्या तळल्या जातात. यंदा ह्यांची अँजिओप्लास्टी झाली. त्यात दिरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की साधं कोलेस्टेरॉल निरुपद्रवी, ऑक्सिडाइज झालेलंच वाईट, म्हणून कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी नको! पेशीत नक्की काय होतं, हे कुणी मराठीत सांगेल का?

प्लेटधुवा:
ताई, आधी गोळीचं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नका. दिरांचं अर्धं खरं आहे, आणि घोळ त्या उरलेल्या अर्ध्यात आहे.

पुण्यात एका लॅबमध्ये मी चार वर्षं हेच केलं. कोलेस्टेरॉलच्या रेणूत ७ क्रमांकाचा कार्बन नाजूक असतो. उष्णता, उजेड आणि हवा मिळाली की तिथे ऑक्सिजन चिकटतो आणि ७-कीटोकोलेस्टेरॉल तयार होतं. माणसाच्या ल्युकेमियातून आलेल्या टीएचपी-१ नावाच्या पेशींना आम्ही ते द्यायचो. आत ऑक्सिजनचे आगाऊ रेणू वाढतात. ते मोजायला एक रंग घालतात, तो हिरवा चमकतो. मग एनएफ-कॅपा-बी हे प्रथिन केंद्रकात शिरतं आणि सूज वाढवणारे संदेश सुटतात: आयएल-१ बीटा, आयएल-८. रक्तवाहिनीत अशा संदेशांनी आणखी पांढऱ्या पेशी गोळा होतात, आणि त्या पुन्हा तेच आगाऊ रेणू सोडतात. डोस वाढवला की पेशी मरायला लागतात. पेशी ज्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये वाढवतात, तिच्या शेजारच्या खळग्यात तेवढंच साधं कोलेस्टेरॉल घातलं तर एवढा दंगा नाही.

पहिल्यांदा पेशी मेल्या तेव्हा मी खूश होऊन गाइडकडे धावलो. त्यांनी एवढंच विचारलं, “नुसत्या इथेनॉलचा कंट्रोल कुठाय?” ७-कीटोकोलेस्टेरॉल इथेनॉलमध्ये विरघळवून घालतात, म्हणून एका खळग्यात नुसतं इथेनॉल घालून बघायचं असतं. मी तो लावलाच नव्हता. पेशी कशाने मेल्या देव जाणे. आठवडा पाण्यात.

आता तुपाकडे. १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जेकबसन या संशोधकांनी भारतीय तुपातल्या स्टेरॉलांपैकी (कोलेस्टेरॉलच्या गटातली द्रव्यं) १२.३ टक्के कोलेस्टेरॉलचे ऑक्साइड, म्हणजे ऑक्सिडाइज झालेली रूपं, सापडल्याचं लिहिलं. ताज्या लोण्यात ते सापडले नव्हते. परदेशातल्या भारतीयांच्या हृदयविकाराचं हे ‘संभाव्य’ कारण असेल, असा त्यांचा तर्क होता. तूप खाणाऱ्यांना त्यामुळेच झटके आले, हे त्या मोजणीतून सिद्ध होत नाही. आमच्या प्लेटमध्ये अशा द्रव्यांची विल्हेवाट लावणारं यकृत नव्हतं, आणि डोस बहुधा रक्तात असतो त्याच्या कितीतरी पट असायचा.

शिवाय हा माल सगळा ताटातूनच येतो असं नाही. धमनीच्या भिंतीत अडकलेलं एलडीएल (रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण) तिथल्या तिथेच ऑक्सिडाइज होतं. म्हणजे एलडीएल कमी केलं की कच्चा मालच घटतो. गोळी तेच करते.

मालवणीमसाला:
मग आमच्या सोड्यांचं काय? उन्हातच वाळवतो की!

प्लेटधुवा:
हे ऑक्साइड सापडतात त्यातही. कोळंबीत कोलेस्टेरॉल भरपूर, वर ऊन आणि हवा. पण चार सोडे वांग्यात घालणं वेगळं आणि रोज वाटीभर खाणं वेगळं. ते उघड्या बरणीत वर्षभर ठेवू नका. (सोड्याची खिचडी मी सोडणार नाही, हेही सांगून टाकतो.)

अनारसेवाली:
व्हिटॅमिन ई घेतलं तर? दिरांचा पुढचा निरोप तोच आहे.

प्लेटधुवा:
वाटलंच! प्लेटमध्ये ई घातलं की पेशी खरंच वाचतात. पण २००० साली आलेल्या ‘होप’ चाचणीत नऊ हजारांवर माणसांना काही वर्षं ई किंवा नकली गोळी दिली. हृदयविकाराच्या झटक्यांत फरक पडला नाही.

तूप बदलू नका, कढई बदला. छोटी, खोलगट घ्या, म्हणजे तूप कमी लागेल आणि उरणारही नाही. साठवायचं ते कढवलेलं ताजं, झाकण लावून, अंधारात.

अनारसेवाली:
सासूबाईंना वाचून दाखवलं. यकृताचं नि प्लेटचं त्यांना पटलं, तूप टाकून द्यायचं मात्र नाही. शेवटी बरणी देव्हाऱ्यात गेली, आता निरांजनाला वापरतोय. दिरांना मी अजून उत्तर दिलेलं नाही.