मदत हवी आहे: 'मल्टीग्रेन' बिस्किटांच्या पुड्यावरचे आकडे कसे वाचायचे?

घरी वडिलांना रक्तदाब आहे आणि साखरही काठावर आहे. सकाळच्या चहासोबत सहा बिस्किटं ठरलेली. पुड्यावर पुढे 'मल्टीग्रेन' आणि 'ट्रान्स फॅट फ्री' असं लिहिलंय. मागे १०० ग्रॅमसाठी असे आकडे आहेत: ऊर्जा ४८० किलोकॅलरी, प्रथिने ७.५ ग्रॅम, कर्बोदके ६८, एकूण साखर १८, ॲडेड शुगर (वरून घातलेली साखर) १६.५, फॅट २०, सॅच्युरेटेड फॅट ९.५, ट्रान्स फॅट ०.१ ग्रॅम, सोडियम ४६० मिलिग्रॅम. सर्व्हिंग २५ ग्रॅम, म्हणजे तीन बिस्किटं. घटक: मैदा ४८%, पाम तेल, साखर, गव्हाचा कोंडा ५%, नाचणी-ओट्स मिश्रण ३%, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, मीठ, ५०० आणि ५०३ क्रमांकाचे रेझिंग एजंट. आरडीएच्या (दिवसभराच्या शिफारस केलेल्या मात्रेच्या) रकान्यात सोडियम ६% आणि ॲडेड शुगर ८% दिलंय. हे कमीच वाटतं. ही बिस्किटं चालतील का?

प्रतिसाद १

आरडीएचे टक्के एका सर्व्हिंगचे असतात, म्हणजे तीन बिस्किटांचे. वडील सहा खातात, तेव्हा आधी सगळं दुप्पट करा. ५० ग्रॅममध्ये २४० किलोकॅलरी, ८.२५ ग्रॅम ॲडेड शुगर (साधारण दोन चपटे चमचे), ४.७५ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट आणि २३० मिलिग्रॅम सोडियम.

आता ८% कशाचे ते बघा. भारतीय लेबलवर ॲडेड शुगरची दिवसाची मर्यादा ५० ग्रॅम धरलेली असते, कारण हिशोब २००० किलोकॅलरींच्या १० टक्क्यांवर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये १० टक्क्यांची मर्यादा सांगताना ५ टक्क्यांच्या खाली, म्हणजे २५ ग्रॅमच्या आत राहिलं तर आणखी बरं, असंही म्हटलंय. तो आकडा धरला तर सहा बिस्किटांतच दिवसाची एक तृतीयांश साखर संपते, आणि चहातली अजून मोजलेलीच नाही.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. मैदा पहिला आणि धान्यांचं मिश्रण फक्त ३%, यावरून 'मल्टीग्रेन'चा अर्थ कळतो. ज्या घटकाचा पुढे गाजावाजा केलाय त्याची टक्केवारी द्यावीच लागते, तेव्हा ती नेहमी शोधा. इन्व्हर्ट सिरप साखरच आहे, ते १६.५ मध्ये आलंय. माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर) मात्र साखरेच्या आकड्यात बहुतांशी धरलं जात नाही, कर्बोदकांत जातं. रक्तातली साखर ते झपाट्याने वाढवतं. म्हणून काठावरच्या माणसाने एकूण कर्बोदकं बघावीत: सहा बिस्किटांत ३४ ग्रॅम.

'ट्रान्स फॅट फ्री' हा दावा १०० ग्रॅममध्ये ०.२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर करता येतो, इथे तो खरा आहे. पण पाम तेलाचं सॅच्युरेटेड फॅट त्याने कमी होत नाही.

प्रतिसाद २

सोडियमबद्दल थोडं. सोडियमला २.५ ने गुणलं की मिठाचा अंदाज येतो: २३० मिलिग्रॅम म्हणजे सुमारे ०.६ ग्रॅम मीठ. दिवसाला ५ ग्रॅमची मर्यादा. गोड बिस्किटात एवढं मीठ कुठून, तर जिभेला न कळणारा वाटा खाण्याच्या सोड्याचा असतो. ५०० क्रमांक म्हणजे तोच, सोडियमवाला. ५०३ अमोनियमचा क्षार आहे, त्यात सोडियम नाही. दोन्ही बिस्किट फुगवण्यासाठी असतात, क्रमांक पाहून घाबरू नका. दोन पुडे शेजारी ठेवले तर १०० ग्रॅमचाच रकाना ताडून बघा, सर्व्हिंग प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. १०० ग्रॅमला १२० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सोडियम असेल तर 'लो सोडियम' लिहिता येत नाही, हे माप लक्षात ठेवायला सोपं आहे.

धागाकर्ती

समजलं. बिस्किटांऐवजी भाजलेला पापड आणि घरात लो सोडियम मीठ आणलं तर?

प्रतिसाद २

पापड नको. मिठाशिवाय त्यात पापडखार असतो, तोही सोडियमचाच क्षार. मूठभर भाजलेले बिनमिठाचे फुटाणे द्या. आणि लो सोडियम मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांत रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही असेल, तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. गोळ्यांची पट्टी डॉक्टरांना दाखवून विचारल्याशिवाय ते मीठ स्वयंपाकात वापरू नका.