मदत हवी आहे: रॅटलाइन्स बांधताना श्राउड आत ओढले जातात

मंडळी, १:७२ स्केलचं तीन डोलकाठ्यांचं लाकडी जहाज करतोय, हल (जहाजाचं बाहेरचं अंग) आणि डेकच्या पट्ट्या लावून झाल्यात, पट्ट्यांच्या कडांना पेन्सिल घासून घेतली होती त्यामुळे फटीत डांबर भरल्यासारख्या बारीक काळ्या रेघा मस्त दिसतायत. अडलंय ते रिगिंगला, म्हणजे दोरांच्या कामाला: डोलकाठीला बाजूंनी धरून ठेवणारे उभे दोर म्हणजे श्राउड, आणि त्यांना शिडीच्या पायऱ्यांसारख्या बांधलेल्या आडव्या दोऱ्या म्हणजे रॅटलाइन्स. खऱ्या जहाजात रॅटलाइन्समधलं अंतर साधारण १३ ते १५ इंच असायचं म्हणजे इथे ५ मिमीच्या आसपास, तशा रेघा मारलेला कागद श्राउडच्या मागे लावलाय, पण क्लोव्ह हिचची गाठ मारताना दोरा जरा ताणला की कडेचे श्राउड आत येतात आणि मधे पार डमरू होतो. मधेमधे आडवी काडी बांधून ठेवायची का, की अजून काही युक्ती आहे? गाठींना सुपरग्लू नकोसा वाटतो, दोरा कडक होतो आणि चकाकतो, पाणी घालून पातळ केलेला पांढरा गोंद धरेल का? कॉटनच्या दोऱ्याचे तंतू मेण लावूनही उभे राहतात, सरळ पॉलिएस्टर घेऊ?

आणि डेकला आधी शेलॅक (लाखेचं पॉलिश) की थेट मॅट वॉर्निश? चकचकीत डेक मला तरी खोटाच वाटतो. तोफा आधी चिकटवू की वॉर्निशनंतर, कारण वॉर्निशवर गोंद नीट धरत नाही ना. कोणाकडे काम चालू असतानाचे फोटो असतील तर टाका प्लीज.