मदत हवी आहे: गूगल शीट्समध्ये दिवस-महिना उलटे झालेत, जुन्या नोंदी कशा सुधारायच्या?

नमस्कार मंडळी,

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशोब गूगल शीट्सवर आहे. बँकेची सीएसव्ही (साध्या मजकुरातली नोंदींची फाइल) उतरवून इम्पोर्ट करतो, देय तारखेनंतर पैसे आले असतील तर सूत्र व्याज लावतं. यंदा एका आजोबांना व्याज लागलं. त्यांनी ६ एप्रिललाच पैसे भरले होते, आणि शीटमध्येही ६/४/२०२४ असंच दिसत होतं. महिना अक्षरांत दाखवायला लावला, तेव्हा निघालं ४ जून!

शीटचं लोकेल, म्हणजे तारखा कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायच्या ती सेटिंग, 'युनायटेड स्टेट्स' होतं, म्हणून पहिला आकडा महिना धरला गेला. १३ तारखेपासूनच्या नोंदी निदान ओळखू येतात. तेरावा महिना नसल्याने त्या मजकूर म्हणूनच राहिल्या आणि सेलच्या डावीकडे चिकटल्या. १ ते १२ तारखांच्या मात्र बिनबोभाट फिरल्या.

फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये लोकेल 'इंडिया' केलं. नवी सीएसव्ही आता नीट येते. जुनी किंमत मात्र ४ जूनच आहे, फक्त ती ०४/०६/२०२४ अशी दिसते. त्यामुळे कमिटीला वाटतंय, लोकेल बदलल्यानेच सगळं बिघडलं.

खरी अडचण पुढे आहे. मागच्या वर्षांच्या मूळ सीएसव्ही आता कोणाकडेच नाहीत. चेकच्या नोंदी हाताने, महिन्याच्या नावासकट टाकलेल्या आहेत. त्या बरोबर आहेत, त्यामुळे सरसकट अदलाबदल केली तर त्या बिघडतील. कोणाला विनाकारण दंड बसू नये, म्हणून नीट मार्ग हवा आहे.

उत्तर:

दादा, बँकेच्या ओळींना व्यवहार क्रमांक असेल, हाताने टाकलेल्यांना नसेल. तोच निकष लावा. मूळ रकाना जसाच्या तसा ठेवून शेजारी नवा करा. लोकेल बदलण्याआधी आलेल्या, व्यवहार क्रमांक असलेल्या ओळीत इझनंबर (ISNUMBER, किंमत मजकूर नसून आकडा आहे का ते तपासणारं फंक्शन) खरं आलं, तर तारीख जुळवणाऱ्या डेट (DATE) फंक्शनला वर्ष तेच द्या, महिन्याच्या जागी डे (DAY) आणि दिवसाच्या जागी मंथ (MONTH). मजकूर असेल तर स्प्लिटने (SPLIT) तिरक्या रेघेवर तोडून डेटमध्ये वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने घाला. बाकी ओळी आहेत तशा उतरवा.

मग पडताळा घ्या. स्टेटमेंटमध्ये व्यवहार तारखेच्या क्रमाने येतात. शीट सॉर्ट केली नसेल तर बँकेच्या ओळींची तारीख कुठेही मागे-पुढे उडी मारता कामा नये. उडी दिसली तर तिथे शिल्लक रक्कम जुळवून बघा.

एक्सेलमध्ये उघडत असाल तर तिथे विंडोजची रीजन सेटिंग चालते. 'टेक्स्ट टू कॉलम्स'च्या तिसऱ्या पायरीवर डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष) निवडा, पण ते सीएसव्ही मजकूर म्हणून आणल्यावरच. आधीच उलटलेली तारीख त्याने सरळ होत नाही.

धागाकर्ता:

व्यवहार क्रमांकाचा निकष लागू पडला, मनापासून आभार! दोन ओळींत क्रमांकही नाही आणि महिन्याचं नावही नाही. त्यांच्या पावत्या मागवल्या आहेत. तोवर त्या सभासदांचं व्याज थांबवलंय.