जूव्हेचा अंधार मळकट होतोय (त्रिनिदाद कार्निव्हल, ॲक्रिलिक)

कुंचला_पुणे३०

कॅरिबियनमधल्या त्रिनिदादच्या कार्निव्हलवर सहा चित्रांची मालिका चालू आहे. आकार 36 × 48 इंच, सुती कॅनव्हास, जेसोचे (पांढऱ्या अस्तराचे) दोन हात, वर ॲक्रिलिक. पहिलं चित्र जूव्हेचं, म्हणजे कार्निव्हलच्या पहाटेच्या सुरुवातीचं आहे: सोमवारी उजाडायच्या आधी रस्त्यावर उतरलेले निळे सैतान (अंगाला निळा रंग फासून घेतलेलं सोंग), मागे एक मोको जंबी (उंच काठ्यांवर चालणारं सोंग).

पार्श्वभूमी काळा आणि अल्ट्रामरीन मिसळून भरली. ओली असताना खोल दिसते, वाळली की शाळेतला फळा. त्यावर निळे देह उठत नाहीत, आणि पांढरा घालून उजळले की खडू फासल्यासारखे दिसतात. मोको जंबी जमिनीवर टेकलेला वाटत नाही, तरंगतो. झगमगाटासाठी क्रेप कागदाच्या झिरमिळ्या आणि टिकल्या फेव्हिकॉलने लावल्या, तर कागदाचा रंग पसरला आणि टिकल्या सुटताहेत.

शिवाय सैतानांच्या मागे गळ्यात ताशा अडकवलेले दोन वादक घ्यायचे आहेत. तिकडे तासा (आपल्या ताशाचाच तिकडचा भाऊ) वाजतोच, म्हणून. चालेल ना? प्रदर्शन ऑगस्टअखेर आहे.

गेरू_काजळ

काळी ट्यूब आधी कपाटात ठेवा. मार्स ब्लॅक असेल तर तो अपारदर्शक असतो आणि वाळला की निस्तेज दिसतो, प्रकाश आत शिरतच नाही; फळा होतो तो त्यामुळे. अंधारासाठी बर्न्ट अंबर साधारण 4 भाग आणि थॅलो ब्लू 1 भाग घ्या. थॅलो जपून, पोटात इतकी ताकद असते की नखाएवढा जास्त पडला तरी सगळं हिरवट निळं होतं. या मिश्रणात अंबर वाढवला की उबदार अंधार, थॅलो वाढवला की गार. रस्त्याच्या दिव्याकडची बाजू उबदार ठेवा, आभाळाकडची गार. एकाच चित्रात दोन अंधार दिसले की खोली आपोआप येते.

देह न उठण्याचं कारण वेगळं आहे. निळ्यावर निळा, आणि दोघांचा गडदपणाही सारखाच. अल्ट्रामरीन पारदर्शक आहे, त्याला खालून प्रकाश लागतो. काळ्यावर लावलात तर तो काळ्यातच जिरतो. देहांच्या जागा 220 च्या पॉलिश पेपरने ओल्या हाताने हलक्या घासा. पुसून, वाळवून तिथे यलो ऑकर, थोडा बर्न्ट सिएना आणि पांढरा असा अपारदर्शक हात द्या, शरीराचा घाट याच थरात काढा. पूर्ण वाळला की अल्ट्रामरीनचे ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक हात: रंग 1 भाग, ग्लेझिंग मिडियम 8 ते 10 भाग, तीन हात, प्रत्येक आधीचा वाळल्यावर. मिडियमऐवजी नुसतं पाणी घालत गेलात तर बाइंडर (रंग धरून ठेवणारा चिकट भाग) विरळ होतो आणि पुढचा हात खालचा रंग उचलतो.

आणि ओल्या रंगावर निर्णय घेऊ नका. ॲक्रिलिकचा बाइंडर ओला असताना दुधाळ असतो, वाळताना पारदर्शक होतो, म्हणून रंग गडद उतरतो. कॅनव्हासच्या तुकड्यावर ठिपका देऊन हेअर ड्रायरने वाळवून पाहा, मग ब्रश उचला.

चकाकी फिक्या निळ्याची काढू नका. हे लोक रंग चरबीत किंवा व्हॅसलिनमध्ये कालवून अंगाला चोपडतात, त्यामुळे चकाकीला दिव्याचा रंग येतो: सोडियम दिव्याची पिवळट साय, आभाळाची राखाडी. एक कड धारदार, दुसरी कोरड्या ब्रशने ओढलेली. एका देहावर चार-पाच पुरे. तोंडातून गळणारं लाल ‘रक्त’ सगळ्यात शेवटी, कोरड्या निळ्यावर. ओल्यात घातलंत तर जांभळट चिखल.

हा निळा मुळात आपल्या घरातलाच आहे. पूर्वी यासाठी कपड्यांची नीळ वापरत, आणि जुन्या वडीच्या निळीत कृत्रिम अल्ट्रामरीन आणि सोडा असायचा. म्हणून अल्ट्रामरीन ही निवड बरोबरच आहे. पण खरी निळीची पूड रंगात घालण्याचा मोह टाळा, तिच्यात भरण काय आहे ते पाकिटावर नसतं.

उत्तरेश्वर

रंगांबद्दल वरच्या प्रतिसादाशी सहमत. पण चित्रात वेगवेगळे उत्सव एकत्र आले आहेत.

क्रेप कागदाच्या झिरमिळ्या हा बहामाचा जंकानू, म्हणजे तिथला मिरवणुकीचा उत्सव: नासाऊ, बे स्ट्रीट, 26 डिसेंबर आणि 1 जानेवारी. त्रिनिदादचा कार्निव्हल लेंटच्या (ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासाच्या काळाच्या) आधीच्या सोमवार-मंगळवारी. त्यातही जूव्हे म्हणजे चिखल, तेल, काकवी, रंग. जॅब मोलासी हा सैतान तर नावातच काकवी घेऊन येतो. पिसं, मणी, टिकल्या मंगळवारच्या ‘प्रिटी मास’च्या (मास म्हणजे कार्निव्हलची सोंगं). पहाटेच्या सैतानाला टिकली लावणं म्हणजे धुळवडीला पैठणी.

ताशाचंही तसंच. 30 मे 1845 ला फतेल रझाक जहाजातून पहिले भारतीय गिरमिटिये उतरले. तासा तिथे त्यांच्या वस्तीत वाढला. तो होसेत, म्हणजे मोहरमच्या ताजियांपुढे, आणि लग्नात वाजतो. बकऱ्याचं कातडं, आणि वाजवण्याआधी जाळावर शेकून ताणतात. निळ्या सैतानांचं वाद्य मात्र पत्र्याचा डबा: बिस्किटाचा किंवा रॉकेलचा, काठीने बडवलेला. चित्रात डबाच घ्या. चेमटलेल्या पत्र्यावर दिव्याची तिरीप फार छान बसते, आणि टिकल्यांचा प्रश्नही मिटतो. तासा हवाच असेल तर होसेचं वेगळं चित्र करा. तेव्हा लक्ष्मी रोडवरच्या मिरवणुकीतला फायबरच्या पानाचा ताशा समोर ठेवून काढू नका, कातड्याला डाग असतात.

मोको जंबीचा हिशोब मांडा. माणूस साडेपाच फूट, काठी दहा फूट, एकूण साडेपंधरा. कॅनव्हास उभा 48 इंच; वर-खाली चार-चार सोडले तर आकृती 40 इंच. त्याच्याच शेजारी उभ्या माणसाचं डोकं जमिनीपासून जेमतेम 14 इंचांवर येतं. बहुतेक जण ते वीसवर काढतात आणि जंबी बुटका होतो.

तरंगण्याचं कारण: दोन्ही काठ्या एका रेषेत, सरळ, टेकलेल्या. काठ्यांवर स्थिर उभं राहता येत नाही, तोल साधायला सतत पावलं टाकावी लागतात. एक काठी भार घेऊन किंचित आत झुकलेली, दुसरी उचललेली. लांब विजारीची चुणी भाराच्या बाजूला ताणलेली, उचललेल्या बाजूला गुडघ्याखाली साठलेली. टेकलेल्या टोकाखाली गडद, आखूड सावली. लगेच पुढे ती विरळ. एवढ्याने पाय रोवतो.

रंगांच्या दृष्टीने मासचे रचनाकार पीटर मिनशॉल यांचं 1983 चं ‘रिव्हर’ बघा: सोमवारी सगळे पांढऱ्या सुती कपड्यांत, मंगळवारी त्याच पांढऱ्यावर रंगांचा मारा. वेशभूषेची बांधणी पाहायची तर चित्रकार बेलिसारिओंची 1837-38 मधली जमैकाची शिळामुद्रणं (लिथोग्राफ). कार्लाइल चँग चित्रकारही होते आणि मासचे रचनाकारही, त्यांचं काम चुकवू नका.

बोहरी_आळी

फक्त साहित्याबद्दल.

क्रेपचा रंग पाण्यात सुटतो, फेव्हिकॉल पाण्याचाच, त्यामुळे पसरणारच. उन्हात विटतोही. पुढे एखाद्या चित्रात जंकानू घेणार असाल तर झिरमिळ्या रंगवा: एक इंची चपट्या ब्रशचे केस कंगव्यासारखे फाकवून, ओळी खालून वर, म्हणजे वरची ओळ खालचीवर कौलासारखी चढते.

टिकल्या प्रिटी मासच्या चित्रासाठी ठेवा. फेव्हिकॉलचा थर पावसाळ्याच्या दमटपणात मऊ पडतो, आणि गुळगुळीत प्लॅस्टिकला तो नीट धरतही नाही. हेवी जेल मिडियममध्ये टिकली अर्धी बुडवून बसवा. नाण्यापेक्षा मोठी असेल तर नायलॉन दोऱ्याने कॅनव्हासमधून टाचा. तार लावणार असाल तर बोहरी आळीत जस्ताचा मुलामा असलेली मागा. साधी बांधणीची तार महिन्यात गंजून रंगातून तांबूस डाग काढते.

ऑगस्टअखेर म्हणताय, तर वार्निशची तारीख आत्ताच ठरवा. जाड थर किमान दोन आठवडे वाळू द्या. पाऊस चालू असताना सॉल्व्हंटचं वार्निश मारलं तर वर पांढुरका धुरकटपणा येतो. 36 × 48 ला मागे आडवी पट्टी आहे ना? नसेल तर चौकट पिळते.

कुंचला_पुणे३०

पट्टी नाही, टाकून घेतो. ताशे रद्द, डबे घेतो. काळ्यावर ऑकरचा थर एका हातात झाकेल का?

गेरू_काजळ

नाही, ऑकर एकटा झाकत नाही. दोन पातळ हात द्या आणि पहिल्यात पांढरा जास्त ठेवा. पांढरा टायटॅनियमचाच घ्या, झिंकचा नको.