मदत हवी आहे: साडेसहा महिन्यांची लेक पाळणाघरात दूधच घेत नाही

सोमवारी तिसरा आठवडा लागेल, म्हणून आता विचारतेच.

बाळंतपणाच्या २६ आठवड्यांपैकी दोन आधीच गेले. उरलेल्यांना हक्काची रजा जोडून सहा महिने कसेबसे ओढले. ऑफिसात पाळणाघर नाही. कायद्यात ते ५० माणसांपासून लागतं, आम्ही पस्तीस. (त्यावर वेगळा धागा काढा हवं तर, इथे नको.) कोथरूडमध्ये घराजवळच एका ठिकाणी साडेनऊ ते सहा ठेवते. तान्ही तीनच, जागा स्वच्छ, मावशी मायाळू.

मी रोज १२० मिलीच्या तीन बाटल्या देते. मावशी वहीत सगळं लिहितात. परवाचं पान असं:

९.५० रडली.
११.१५ दूध ३०, तोंड फिरवलं.
१२.०० झोप २० मि.
१.१० मुगाचं पाणी ४ चमचे, आवडलं!
३.०० दूध नको.
४.३० दूध २०. शी १.

खाली हसरा चेहरा काढलेला. तो बघून मला जास्तच भरून येतं.

घरी आल्यावर चपला काढायची फुरसत देत नाही. रात्रभर दर दोन तासांनी अंगावर. शनिवार-रविवारी बसून काढलेलं, फ्रीझरमध्ये साठवलेलं दूध संध्याकाळी सिंकमध्ये ओतते तेव्हा काय होतं ते पंप वापरलेल्या बायकांनाच कळेल. सासूबाई म्हणतात, वरचं दूध सुरू कर. डॉक्टर म्हणाले वजन ठीक आहे, गायीचं दूध वर्षापर्यंत नको. बाटलीची तीन निपलं बदलून झाली.

दुसरं, जरा नाजूक. मावशी तिला मोहरीच्या उशीवर निजवतात, ‘डोकं गोल होतं’ म्हणून. डॉक्टरांनी उशी नको म्हणून बजावलंय. मावशींना न दुखवता कसं सांगू?

प्रतिसाद १
माझा मुलगा असाच करायचा. दिवसा जेमतेम घेऊन सगळी भरपाई रात्री. दिवसभरात सहा-सात लंगोट ओले होतायत ना, बाळ टवटवीत आहे ना, ते बघा. आणि १२० ची बाटली भरूच नका, ६० च्या भरा. उष्टी बाटली दोन तासांनी टाकावीच लागते, निदान ओतायला कमी लागेल.

प्रतिसाद २
अगं, बाटलीच कशाला? बोंडलं आहे का घरात? नसेल तर वाटी-चमचा. मुगाचं पाणी चमच्याने आवडीनं घेतेय म्हणजे भांडण दुधाशी नसून निपलशी असेल. थोडं सांडेल, वेळ लागेल. मावशींना तेवढा वेळ आहे का, ते विचार.

प्रतिसाद ३
भांडण दुधाशीही असू शकतं. फ्रीझरमधलं दूध तू स्वतः चाखलंयस का? काही जणींच्या दुधात लायपेज (चरबी फोडणारं एन्झाइम) जास्त असतं, ठेवलेल्या दुधाला साबणासारखा वास-चव येते. बाधत नाही, पण काही बाळं तोंड लावत नाहीत. तसं असेल तर काढल्या काढल्या कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापव (उकळू नकोस), लगेच गार करून मग फ्रीझरमध्ये. एकदा वास आलेल्या दुधाला तापवून उपयोग नाही. आणि मावशींना सांग, गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून कोमट करा, मायक्रोवेव्ह नको. मध्येच चटका बसेल इतकं तापतं.

प्रतिसाद ४
मी अकरा वर्षं पाळणाघर चालवलं. उशीचं ‘तुमचं चुकतंय’ असं सांगायला जाऊ नका. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या: पाठीवर निजवणे, टणक गादी, उशी नाही, पांघरूण नाही. ती चिठ्ठी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. आम्हाला आयांपेक्षा डॉक्टरांचा कागद बरा वाटतो, उद्या दुसरी आजी भांडायला आली तर तोच दाखवता येतो. डोक्याच्या आकारासाठी बाळ जागं असताना, समोर बसून, पालथं घालायला सांगा. हे काम दिलंत की उशी काढून घेतल्यासारखं वाटणार नाही. तुमची वापरलेली ओढणी मावशींच्या खांद्यावर द्या, घेताना वास येतो. पाळण्यात मात्र ठेवायची नाही.

धागाकर्ती
सगळ्यांना थँक्यू. काल रात्री फ्रीझरमधलं दूध चाखलं. ई! कपडे धुतलेल्या बादलीसारखं. नवऱ्याला दिलं, तोही ‘साबण’ म्हणाला, आणि त्याला मी आधी काहीच सांगितलं नव्हतं. सतरा पिशव्या आहेत तशा. पेजेत मिसळून संपवता येतील का?

आज सकाळचं ताजं दूध बर्फाच्या पिशवीत दिलं, आईचं जुनं बोंडलं घासून, उकळून सोबत. आत्ता मावशींचा फोटो आला वहीचा: ‘११.०० दूध ७०, बोंडल्याने. फ्रॉक बदलला.’

चिठ्ठी गुरुवारी मिळेल. उशीचं अजून बोलले नाहीये.