यंत्र 'निदान' करते का?

प्रश्न : कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा एक लेख मराठीत आणते आहे. संगणकप्रणाली छातीचा एक्स-रे पाहून क्षयाची शक्यता सांगते. 'प्रणाली क्षयाचे निदान करते' असे लिहिले, पण खटकते. दुसरा शब्द सुचवाल का?

उत्तर १ : खटकणारच. ऋग्वेदात 'निदान' म्हणजे दोरी, दावे. पुढे अर्थ झाला मूळ कारण. आयुर्वेदाच्या निदानपंचकात (निदान, पूर्वरूप, रूप, उपशय, संप्राप्ती) पहिले 'निदान' म्हणजे रोगाचे कारणच. आज आपण रोग ओळखणे या अर्थाने तो वापरतो, तरी दाव्याची गाठ सुटलेली नाही. खोकला कधीपासून, वजन घटले का, घरात कोणाला क्षय होता का, हे सगळे डॉक्टर एकत्र बांधतात. प्रणाली फक्त चित्र पाहते आणि एक आकडा देते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींसाठी अशा प्रणाली वापरायला मान्यता दिली, तीही चाळणीसाठी आणि पुढे कोणाला तपासायचे ते ठरवण्यासाठी. म्हणून 'चाळणी' लिहा. शब्द घरगुती वाटेल, पण नेमका आहे: चाळणीत राहिलेले सगळेच खडे नसतात.

उत्तर २ : पण २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मधुमेही रुग्णांचा दृष्टिपटल तपासणाऱ्या प्रणालीला परवानगी दिली, तिथे डॉक्टरांनी प्रतिमा पाहण्याचीही गरज नाही. त्या उपकरणवर्गाच्या अधिकृत नावातही निदान आहे. मग?

उत्तर १ : नाव आहे खरे, आणि त्या नावाचे भाषांतर करताना 'निदान'च ठेवावे लागेल. पण ती प्रणाली रुग्णाला काय सांगते ते पाहा: नेत्रतज्ज्ञांकडे जा, किंवा १२ महिन्यांनी पुन्हा तपासा. मला ही चाळणीच वाटते. शिवाय तिच्या चाचणीत विकार असलेल्यांपैकी ८७.४ टक्के ओळखले गेले. याला कोशात 'संवेदनशीलता' म्हणतात. सामान्य वाचक त्यातून हळवेपणा समजेल, म्हणून मी दर वेळी 'आजारी असलेल्यांपैकी किती सापडले' असेच लिहिते. लांबते, पण सुटलेले रुग्णही वाचकाच्या डोळ्यांसमोर येतात.

प्रश्नकर्ती : मग वाक्य असे करते: 'प्रणाली एक्स-रेतल्या क्षयासारख्या खुणा टिपते, थुंकीची तपासणी झाल्यावर डॉक्टर निदान करतात.'

उत्तर २ : 'टिपते' चपखल. तेच ठेवा.