ऑक्टोबरात डोंगरात जायचंय. नवरा ब्लॅक, सोबत दोन आज्या. कुठलं गाव?

वाईची लेक

नमस्कार. मी अटलांटाजवळ डीकेटरला राहते, माहेर वाई. नवरा ब्लॅक अमेरिकन, मूळचा जॉर्जियातल्याच मेकनचा. (आपल्याकडे सर्रास वापरतात ते शब्द उत्तरात कृपया नकोत. थोरली मुलगी आता मराठी वाचते.) ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, पानं रंगतात तेव्हा, तीन रात्री डोंगरात जायचंय. आम्ही दोघं, नऊ आणि सहा वर्षांच्या मुली, सासूबाई, आणि वाईहून आलेली माझी आई. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, रविवारचं चर्च चुकवत नाहीत. आईला "महाबळेश्वरासारखं काहीतरी" बघायचंय. घरापासून गाडीनं चार तासांच्या आत हवं.

देखावा, फायरप्लेस, गरम पाण्याचा टब हे सगळं मी शोधू शकते. मला विचारायचंय ते वेगळं आहे. माझ्या नवऱ्याला रात्री झोप लागेल असं गाव कुठलं?

दोन वर्षांपूर्वी उत्तर जॉर्जियात एक केबिन घेतली होती, माझ्या नावानं. दिवसभर मी ओसरीवर बसून होते, मुली अंगणात. शेजारच्या केबिनमधल्या गृहस्थांनी दोनदा हात केला, मुलींना आपल्या कुत्र्याचं नाव सांगितलं. संध्याकाळी नवरा गाडीतून लाकडं काढत होता, तर तेच गृहस्थ येऊन उभे राहिले. "तुम्ही इथं कोणाकडे आलात?" नवरा त्यांच्याशी हसून बोलला. खूप हसून. एरवी तो कोणाशी इतकं हसून बोलत नाही. रात्री दोनला मला जाग आली तर तो पुढच्या खोलीत खुर्चीवर बसलेला, बाहेरचा दिवा चालू, गाडीची किल्ली हातात. सकाळी म्हणाला, लवकर निघू या, ट्रॅफिक लागेल. रविवारी सकाळी साडेसहाला, डोंगरात.

मी वाईत वाढले. आमच्याकडे पाहुणे आले की पसरणीचा घाट चढून पाचगणी ठरलेली. डोंगराकडे निघताना आधी टाकी फुल करायची, अंधाराच्या आत पोचायचं म्हणून दुपारचं जेवण गाडीतच उरकायचं, हे तो लग्न झाल्यापासून करतोय. मला वाटायचं शिस्तीचा आहे. त्या रात्रीनंतर मी विचारलं तेव्हा कळलं. त्याला हे त्याच्या आजोबांनी शिकवलं होतं. सासूबाई लहान असताना त्यांचे वडील गाडी वाटेत थांबवतच नसत. तळलेलं चिकन आणि उकडलेली अंडी बुटांच्या खोक्यात बांधून घ्यायची. व्हिक्टर ग्रीन यांचं 'ग्रीन बुक' डॅशबोर्डवर ठेवलेलं असायचं, त्यात बघायचं की ब्लॅक प्रवाशांना कुठे खोली मिळेल, कुठे जेवण.

स्वतः राहिलेल्यांनी किंवा जवळून पाहिलेल्यांनी सांगावं.

आडवाट

ताई, मी कमिंगला राहतो, बारा वर्षं झाली. डालोनेगा, ब्लू रिज, हेलन सगळीकडे दहादहा वेळा जाऊन आलोय. माणसं चांगली आहेत, आम्हाला कधी काही झालं नाही. एका माणसावरून सगळ्या डोंगराला नावं ठेवू नका. हेलनला ऑक्टोबरफेस्ट असतो, अख्खं गाव बव्हेरियातल्यासारखं सजवलेलं आहे, मुलींना फार आवडेल. जीए-४०० महामार्गानं सरळ वर जायचं.

वाईची लेक

दादा, तुम्ही मनापासून लिहिलंत, म्हणून मीही मनापासून लिहिते.

जीए-४०० वर तुमच्या कमिंगच्या फोरसाइथ काउंटीची पाटी लागली की सासूबाई बोलायच्या थांबतात. आमची एक मैत्रीण कमिंगला असते, तिच्याकडे दरवर्षी गणपती. सासूबाई हौसेनं येतात, मोदकाला मुरड घालायलाही शिकल्या, पण दिवेलागणीच्या आत त्यांना परत निघायचं असतं. मी पहिली दोन वर्षं रागावले. आरती सोडून कोण जातं?

मग त्यांनी सांगितलं. सप्टेंबर १९१२ मध्ये एका गोऱ्या मुलीच्या खुनानंतर तिथं एका ब्लॅक माणसाला जमावानं मारलं, पुढच्या महिन्यात दोन कोवळ्या मुलांना फाशी दिली, ती बघायला हजारो माणसं जमली. आणि त्याच काळात रात्री-अपरात्री धाडी घालून काउंटीतली जवळजवळ सगळी ब्लॅक कुटुंबं, हजाराहून जास्त माणसं, घरदार-शेती-चर्च सोडून हाकलली. पुढे कितीतरी दशकं तिथं ब्लॅक माणूस राहायला धजला नाही. जानेवारी १९८७ मध्ये नागरी हक्क चळवळीतले होझेया विल्यम्स मोर्चा घेऊन गेले तर दगड आले. पुढच्या आठवड्यात वीस हजारांच्या आसपास लोक तिथं चालत गेले. सासूबाई त्यात होत्या, पस्तिशीच्या. दोन्ही बाजूंना उभे असलेले चेहरे त्यांना अजून आठवतात.

आता तिथं उत्तम शाळा आहेत, भारतीय दुकानं आहेत, आपली कितीतरी मराठी घरं आहेत. त्याचा मला आनंदच आहे. पण "आम्हाला काही झालं नाही" हे तुम्ही म्हणता तेव्हा तुम्ही रात्री झोपलेले असता. माझ्या नवऱ्यालाही त्या केबिनमध्ये "काही झालं नाही". तो जागा होता.

पाणवठा

वहिनी, टेनेसीतल्या चॅटनूगाचा विचार केलात का? मी सहा वर्षं इथल्या शाळेत शिकवते. हे डोंगरातलं छोटं गाव नाही, डोंगरांनी वेढलेलं शहर आहे, आणि तुमच्यासाठी मला तेच बरं वाटतं. इथं शंभरात तीसच्या आसपास लोक ब्लॅक आहेत. हॉटेलात, वाचनालयात, नदीकाठी तुमचे यजमान हे एकटेच असणार नाहीत. अटलांटाहून दोन तास.

सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी लुकआउट माउंटनवर इन्क्लाइन रेल्वे आहे, १८९५ पासूनची. वरच्या टप्प्यात चढ इतका उभा की माझ्या आईनं डोळे मिटून रामरक्षा म्हटली. १९६३ च्या वॉशिंग्टनच्या भाषणात मार्टिन ल्यूथर किंग यांनी एकेका डोंगराचं नाव घेतलं, त्यात हा लुकआउट माउंटन होता. ब्लूज गायिका बेसी स्मिथ इथलीच, तिच्या नावाचं केंद्र एम. एल. किंग रस्त्यावर आहे.

एक आधीच सांगते. वॉलनट स्ट्रीटचा पादचारी पूल मुलींना आवडेल, पण १९०६ साली त्याच पुलावर एड जॉन्सन नावाच्या निरपराध माणसाला जमावानं फाशी दिली होती. सर्वोच्च न्यायालयानं फाशी थांबवलेली असताना. २०२१ मध्ये पुलाच्या दक्षिण टोकाला त्यांचं आणि त्यांच्या दोन ब्लॅक वकिलांचं स्मारक झालं. मुलींना काय आणि किती सांगायचं ते तुम्ही ठरवून जा, अचानक समोर येऊ नये.

दगडफूल

मी नऊ वर्षं नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिलला होतो, आता शार्लटला. माझी बायको ब्लॅक आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न आमच्या घरातलाच आहे.

आम्ही आता गाव निवडताना एकच गोष्ट बघतो. त्या गावाच्या स्वतःच्या गोष्टीत ब्लॅक माणसं आहेत का? त्यांचं चर्च, त्यांची गल्ली, त्यांची शाळा, आणि आज तिथं त्यांचं दुकान किंवा खाणावळ? जिथं आहेत तिथं बायकोला कोणी "कोणाकडे आलात" विचारत नाही. जिथं नाहीत तिथं नुसतं "सर्वांचं स्वागत" लिहिलेल्या पाटीवर मी विसंबत नाही.

ॲशव्हिल त्यात बसतं, पण त्याचं जे आहे ते सगळं सांगतो. गाव बहुतांशी गोरं आहे. ब्लॅक लोक शंभरात दहाच्या आसपास. १९६० आणि ७० च्या दशकांत शहरसुधारणेच्या नावाखाली त्यांच्या वस्त्या पाडल्या. जुलै २०२० मध्ये नगर परिषदेनं एकमतानं माफीचा आणि भरपाईचा ठराव केला. गावाच्या मधोमध गुलामांचे मालक असलेल्या गव्हर्नर व्हॅन्स यांचा स्तंभ होता, तो २०२१ मध्ये उतरवला. ठराव झाला म्हणजे सगळं झालं असं मी म्हणत नाही, तिथले माझे मित्र अजून त्यासाठी भांडताहेत. पण निदान गाव त्याबद्दल बोलतं.

ईगल आणि मार्केट या दोन रस्त्यांचा कोपरा बघाच. त्याला 'द ब्लॉक' म्हणतात, ब्लॅक व्यापाराची जुनी पेठ. तिथं वायएमआयची (यंग मेन्स इन्स्टिट्यूट) इमारत आहे, १८९३ ची. बिल्टमोर हा व्हँडरबिल्टचा प्रचंड वाडा ज्या ब्लॅक कारागिरांच्या आणि मजुरांच्या हातांनी उभा राहिला, त्यांच्यासाठी ती त्यानं बांधून दिली होती. पुढे समाजानंच ती विकत घेतली. लोक बिल्टमोरची तिकिटं काढतात आणि ही इमारत न बघता परत जातात, याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या आईंना दोन्ही दाखवा. याच ईगल रस्त्यावर माउंट झायन बॅप्टिस्ट चर्च आहे. सासूबाईंच्या रविवारची सोय झाली. हूड हगर्स नावाची एक ब्लॅक मंडळींची फेरी आहे, जुन्या वस्त्यांतून नेतात. आम्ही दोनदा केली. मॅकडॉवेल रस्त्यावरचं रॅबिट्स मोटेल एके काळी ब्लॅक प्रवाशांना खोल्या द्यायचं, आता तिथं वादकांच्या सरावाच्या खोल्या आहेत.

सप्टेंबर २०२४ मधल्या हेलीन वादळानं नदीकाठचा कलाकारांचा बराचसा भाग वाहून गेला, नळाला पिण्याजोगं पाणी यायला जवळजवळ दोन महिने लागले. गाव उभं राहतंय, पण डोंगरांतून जाणाऱ्या ब्लू रिज पार्कवे रस्त्याचे कुठले टप्पे चालू आहेत ते निघायच्या दिवशी बघा.

वाटेत ट्रायनला थांबा. आय-२६ वरून थोडं आत. गायिका आणि पियानोवादक निना सिमोन १९३३ मध्ये त्या गावात तीन खोल्यांच्या घरात जन्मली. लहानपणी तिथल्या वाचनालयात तिच्या पियानोवादनाचा कार्यक्रम ठेवला होता, तेव्हा तिच्या आईवडिलांना पुढच्या रांगेतून उठवलं. ते परत पुढे बसल्याशिवाय वाजवणार नाही असं ती म्हणाली, हे तिनंच सांगून ठेवलंय. गावात तिचा पुतळा आहे, त्याच्या छातीत ब्राँझचं हृदय आणि त्यात तिची रक्षा.

राहायचं कुठे? जंगलातली एकटी केबिन या वेळी नको. गावात, चालत चहा-कॉफीला जाता येईल तिथं घ्या. आणि बुकिंग तुमच्या यजमानांच्या नावानं, त्यांच्या फोटोसकट करा. नकार यायचाच असेल तर तो घरबसल्या येऊ दे. आमच्या बायकोचा हा नियम आहे. त्यानं आम्हाला दोनदा वाचवलं.

चंद्रभागा

तुमच्या चार तासांत बसत नाही, तरी पुढच्या उन्हाळ्यासाठी लिहून ठेवते: हार्पर्स फेरी, वेस्ट व्हर्जिनिया. मी पलीकडे व्हर्जिनियात राहते. दोन नद्यांचा संगम, वर डोंगर, दगडी पायऱ्यांचं गाव. तुम्हाला वाईचा घाट आठवेल. १८५९ मध्ये गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या जॉन ब्राउननं तिथल्या शस्त्रागारावर धाड घातली. गुलामगिरी संपल्यावर तिथंच स्टोरर कॉलेज निघालं, आणि ऑगस्ट १९०६ मध्ये ब्लॅक विचारवंत ड्यू बॉइस यांच्या नायगारा चळवळीची, म्हणजे ब्लॅक लोकांच्या हक्कांसाठीच्या चळवळीची, सभा त्या कॉलेजात भरली. एका पहाटे ती मंडळी बूट-मोजे काढून जॉन ब्राउनच्या किल्ल्याकडे चालत गेली. मी हे वाचलं तेव्हा वारीतले अनवाणी पाय डोळ्यांसमोर आले. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी याच ड्यू बॉइसना पत्र लिहून अमेरिकेतल्या ब्लॅक लोकांच्या वतीनं संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती, आणि त्यांचं उत्तरही आलं होतं. माझे वडील नागपूरहून आले तेव्हा त्यांना तिथं नेलं. संगमावर बराच वेळ उभे होते, मी घाई केली नाही.

तिथून शेननडोआ राष्ट्रीय उद्यानही जवळ. लुइस माउंटनचा तळ १९३९ मध्ये फक्त ब्लॅक लोकांसाठी म्हणून वेगळा काढला होता, १९५० पर्यंत तो भेद गेला. आज तिथल्या केबिन कोणीही घेऊ शकतं.

आडवाट

ताई, बारा वर्षं इथं राहून १९१२ चं मला माहीत नव्हतं. काल रात्री वाचत बसलो. कमिंगमध्ये त्याची एक पाटी आहे, मी तिच्यावरून रोज जातो आणि कधी थांबलो नव्हतो. आज मुलाला घेऊन थांबलो. पुढच्या गणपतीला सासूबाईंना दुपारच्या आरतीला आमच्याकडे आणा. प्रसाद लवकर करू.

वाईची लेक

जाऊन आलो. ॲशव्हिलच केलं, ट्रायनमार्गे. चॅटनूगा दिवाळीच्या सुट्टीत, पाणवठा ताई, मुलींशी आधी बोलून.

बुकिंग नवऱ्याच्या नावानं केलं. पहिल्या घरमालकानं "तारखा भरल्यात" असं कळवलं, दुसऱ्या बाईंनी तासाभरात होकार दिला आणि गुडघ्यांचं वाचून खालच्या मजल्यावरची खोली तयार ठेवते म्हणाल्या. दगडफूल दादा, वहिनींना माझा नमस्कार सांगा.

ट्रायनला निनाचं घर बाहेरूनच पाहिलं. एवढंसं. सासूबाई फाटकाशी उभ्या राहून हळू आवाजात काहीतरी गात होत्या. वायएमआयच्या भिंतीला थोरलीनं हात लावून विचारलं, "हे बांधलं त्यांच्यासाठी, मग तो वाडा कोणी बांधला?" नवरा तिला घेऊन पायरीवर बसला आणि अर्धा तास सांगत होता. आई आणि मी धाकटीला आइस्क्रीम खायला घालत होतो, मला सगळं ऐकू आलं नाही. पार्कवेचा एक तुकडाच चालू होता, पण तेवढ्यावर आई म्हणाली की वेण्णा तलाव नाही, बाकी महाबळेश्वरच.

रविवारी आई काठापदराची साडी नेसून सासूबाईंबरोबर चर्चला गेली. भाषा एक शब्द कळत नव्हती, गाणी सुरू झाली तशी टाळ्यांना मात्र ती ठेक्यात होती. शेजारच्या आजींनी तिचा हात शेवटपर्यंत सोडला नाही. त्या दोघींना सोडायला मीच गाडी घेऊन गेले, कारण नवरा नऊ वाजून गेले तरी झोपलेला होता.

निघताना टाकी निम्मी होती. त्यानं काट्याकडे पाहिलं आणि म्हणाला, वाटेत भरू.